पिन बसते म्हणून व्होल्टेज बसत नाही



चार्जर दुरुस्तीचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय. "सर, फवारणी पंपाची बॅटरी सोलरवर चार्ज होईल का?" "ट्रकच्या 24 व्होल्टवर 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायचीय, काय लावू?" "टॉर्चच्या मॉड्यूलला 5 ऐवजी 12 व्होल्टचा ॲडॅप्टर चालेल का?" "भावाने अमेरिकेहून ड्रिल मशीन आणलंय, त्याचा चार्जर इथल्या लाईटवर लावू का?"

प्रश्न चार असले तरी मुद्दा एकच आहे. चार्जर एका व्होल्टेजसाठी बनवलेला असतो आणि आपल्याकडे असतं दुसरंच व्होल्टेज. मग काय करायचं?

वायर कुठे जोडायची ते व्हिडिओत दाखवलंय. आज मला धंद्याच्या बाजूने बोलायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या दुकानासाठी हे फार चांगलं जोडकाम आहे. भांडवल कमी लागतं, गिऱ्हाईक गरजू असतं, आणि ऑनलाइनवाला हे काम करू शकत नाही. पण एक अट आहे. हिशोब करायच्या आधी तोंडातून "होऊन जाईल" हे शब्द निघता कामा नयेत. हे दोन शब्द मला किती महाग पडले ते आधी ऐका.

80 रुपये कमावले, 1,450 घालवले

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. सोयाबीनच्या फवारणीचा हंगाम. आमच्या बार्शी भागात तुम्ही पाहिलं असेल, पाठीवरचा बॅटरीचा पंप आता घरोघरी आहे. आत 12 व्होल्ट 8 एएचची सीलबंद बॅटरी असते आणि सोबत भिंतीला लावायचा छोटा चार्जर येतो. एक आप्पा आले. वस्तीवर लाईटचा भरवसा नाही, पण घरावर 40 वॅटचं सोलर पॅनल पडून आहे. म्हणाले, "शेठ, ह्याच्यावर पंप चार्ज होईल का?"

मी पॅनलच्या मागचं लेबल बघितलं. 12 व्होल्ट. बॅटरीवर बघितलं. 12 व्होल्ट. म्हटलं, "होऊन जाईल आप्पा!" एक वायर, दोन क्लिपा आणि करंट उलटा जाऊ नये म्हणून एक डायोड. दीडशे रुपये घेतले, त्यात 80 रुपये सुटले. आप्पा खूश, मी पण खूश.

तीन आठवड्यांनी आप्पा परत आले. भांडले नाहीत. पिशवीतून बॅटरी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही बघा. फुगलीय." अळी पडलेली, फवारणीचे दिवस चाललेले, आणि पंप बंद. शेजाऱ्याचा पंप मागून त्यांनी कशीबशी फवारणी केली, तीही चार दिवस उशिरा.

चूक शंभर टक्के माझी होती. "12 व्होल्टचं" म्हणून विकलं जाणारं पॅनल उन्हात काम करताना साधारण 18 व्होल्ट देतं, आणि काही न जोडता मीटर लावला तर 21-22 व्होल्ट दाखवतं. बॅटरी रिकामी असते तोवर ती पॅनलला खाली ओढते, सगळं ठीक दिसतं. बॅटरी भरली की मात्र थांबवणारं कुणीच नाही. दोन अँपिअरच्या आसपास करंट येतच राहतो, बॅटरीतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला लागतं. सीलबंद बॅटरी हा गॅस एका मर्यादेपर्यंत आतच जिरवते. त्यापुढे झडप उघडून गॅस बाहेर जातो. बाहेरून पाणी घालायची सोय नसते. मग बॅटरी तापते, सुकते, फुगते.

मी त्यांना नवीन बॅटरी दिली आणि वर सोलरचा छोटा चार्ज कंट्रोलर दिला. दोन्ही मिळून 1,450 रुपये गेले. बीबीएला ब्रेक-इव्हन शिकलो होतो, तो त्या दिवशी कळला. एका कामाला 80 रुपये सुटत असतील तर 1,450 भरून काढायला अशी अठरा कामं करावी लागतात. म्हणजे अठरा गिऱ्हाईकांसाठी मी फुकट राबणार. शिवाय आप्पा पुढचं वर्षभर दुकानाची पायरी चढले नाहीत, ते वेगळंच.

नावाचं व्होल्टेज आणि खरं व्होल्टेज

त्या बॅटरीने मला एक गोष्ट शिकवली. आपल्या बाजारात "12 व्होल्ट" हे बऱ्याचदा फक्त नाव असतं. पाचशे ग्रॅमच्या पुड्यात खरंच पाचशे ग्रॅम असतात, तसं हे नाही.

- 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना 12.6 ते 12.8 दाखवते. ती भरायला मात्र 14.4 व्होल्टपर्यंत न्यावं लागतं.
- गाडीची किंवा ट्रॅक्टरची 12 व्होल्टची लाइन इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि इंजिन चालू असताना 14 च्या आसपास असते.
- ट्रकची 24 व्होल्टची लाइन इंजिन चालू असताना 28 पर्यंत जाते.
- "12 व्होल्टचं" पॅनल 18 ते 22.
- सीसीटीव्हीचा 12 व्होल्टचा ॲडॅप्टर चांगला असेल तर खरोखर 12 देतो, ना कमी ना जास्त.
- भिंतीतली लाईट नावाला 230. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की कित्येक वस्त्यांवर 170-180 वर येते.

बघा, यातल्या चार गोष्टींना आपण "12 व्होल्ट"च म्हणतो. पण त्या एकमेकींच्या जागी लावल्या तर कुठे चार्जिंगच होणार नाही आणि कुठे बॅटरी मरेल.

त्यात त्या गोल पिनने अजून घोळ घातलाय. साडेपाच मिलिमीटरची ती काळी पिन 5 व्होल्टच्या ॲडॅप्टरला असते, राउटरच्या 9 व्होल्टला असते, सीसीटीव्हीच्या 12 ला असते आणि 24 व्होल्टच्या ॲडॅप्टरलाही असते. गिऱ्हाईक म्हणतं, "बसतंय की!" बसतं. पण पिन बसली म्हणजे व्होल्टेज बसलं असं होत नाही. आतला प्लस बाहेर आणि बाहेरचा आत, असेही ॲडॅप्टर असतात. लेबलवरचं गोलाचं चिन्ह बघायची सवय लावून घ्या.

काउंटरवर चार आकडे लिहा

आता पद्धत सांगतो. माझ्या दुकानात काम करणाऱ्या पोरांना नियम आहे की चार आकडे कागदावर लिहिल्याशिवाय किंमत सांगायची नाही.

पहिला आकडा: येणारं व्होल्टेज कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. एक आकडा लिहू नका, दोन्ही टोकं लिहा. ट्रक असेल तर "24 ते 28", पॅनल असेल तर "18 ते 22".

दुसरा आकडा: बॅटरी भरल्यावर किती व्होल्टला थांबायचं. फवारणी पंपाच्या लेड-ॲसिडला 14.4. बॅटरी कायम चार्जिंगला लावून ठेवायची असेल तर 13.5 ते 13.8. लिथियम-आयनच्या एका सेलला 4.2. इथे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यालाही किंमत आहे.

तिसरा आकडा: करंट किती. छोट्या सीलबंद लेड-ॲसिडला मी एएचच्या 0.3 पटीच्या वर जात नाही. 8 एएचला 2.4 अँपिअर ही हद्द झाली. कंपनीचा चार्जर बहुतेक 1.7 चा असतो, तोच धरा.

चौथा आकडा: वॅट. इथे लोक फसतात. 14.4 गुणिले 1.7 म्हणजे साधारण साडेचोवीस वॅट. मधल्या सर्किटमध्ये थोडी वीज वाया जाणार, म्हणून येणाऱ्या बाजूला 29 वॅट धरा. मग हेच 29 वॅट 18 व्होल्टच्या पॅनलवरून घेतले तर 1.6 अँपिअर लागतात. 12 व्होल्टवरून घेतले तर 2.4. आणि मोबाइलच्या 5 व्होल्टवरून घ्यायचे म्हटले तर 5.8 अँपिअर. मोबाइलचा साधा 5 व्होल्ट 2 अँपिअरचा चार्जर 10 वॅटचा असतो, तो 29 कुठून देणार? व्होल्टेज वाढवून देणारं मॉड्यूल मिळतं, वॅट वाढवून देणारं मॉड्यूल जगात नाही. ही ओळ मी दुकानात भिंतीवर लिहून ठेवलीय.

चार आकडे लिहायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांनी माझे 1,450 वाचले असते.

आता तुमचे चार प्रश्न

*सोलर पॅनलवर फवारणी पंप.* होतं, पण कंट्रोलर मध्ये असला पाहिजे. 40 वॅटचं पॅनल 18 व्होल्टला सव्वादोन अँपिअरच्या आसपास देतं, म्हणजे 8 एएचच्या हद्दीत बसतं. शंभर वॅटचं पॅनल आणलं तर मात्र साडेपाच अँपिअर येतील, तो करंट या बॅटरीला झेपणार नाही. साधा कंट्रोलर व्होल्टेज सांभाळतो, करंट कमी करत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. हे गिऱ्हाईकाला चिठ्ठीवर लिहून द्या.

*ट्रॅक्टरच्या 12 वरून पंपाची 12 ची बॅटरी.* बारा वरून बारा, मग अवघड काय? अवघड हे की 14.4 पर्यंत चढवायचंय आणि येतंय साडेबारा. पाणी वरच्या टाकीत चढवायचं तर मोटर लागते, तसं इथे व्होल्टेज चढवणारं बूस्ट मॉड्यूल लागतं. आणि ते करंटची मर्यादा लावता येणारं पाहिजे. नुसती वायर जोडली तर इंजिन बंद असताना बॅटरी अर्धवट भरेल, आणि इंजिन चालू असताना सुरुवातीला किती करंट जाईल त्यावर कुणाचाच ताबा नाही. इथे व्होल्टेज उतरवणारं बक मॉड्यूल लावून उपयोग नाही. त्याला येणारं व्होल्टेज जाणाऱ्यापेक्षा दीड-दोन व्होल्ट जास्तच लागतं.

*ट्रकच्या 24 वरून 12 ची बॅटरी.* या कामावर तीन प्रकारचे मेकॅनिक भेटतात. पहिला म्हणतो, "मोठा रेझिस्टन्स लाव." हिशोब करू. 28 मधून 12 गेले, राहिले 16. करंट 1.7 पाहिजे तर साधारण साडेनऊ ओहम. बॅटरी 14.4 ला पोचली की करंट किती? 13.6 भागिले साडेनऊ, म्हणजे 1.4 च्या वर. बॅटरी भरली तरी करंट जवळपास तेवढाच! रेझिस्टन्स करंट कमी करतो, तो थांबवत नाही. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवतोय आणि मागे बॅटरी उकळतेय.

दुसरा म्हणतो, "लिनियर रेग्युलेटर लाव." व्होल्टेज बरोबर मिळेल, पण उरलेलं सगळं उष्णतेत जाणार. 13.6 गुणिले 1.7, म्हणजे 23 वॅट. आपली सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे डब्यात एक तापलेली इस्त्री बंद करून ठेवल्यासारखं झालं.

तिसरा बक मॉड्यूल लावतो, ज्यावर व्होल्टेज आणि करंट दोन्हींचे स्क्रू असतात. हा बरोबर. दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं. पण त्याने अजून एक गोष्ट बघितली पाहिजे, ती म्हणजे येणाऱ्या बाजूचा कपॅसिटर. त्यावर 25 व्होल्ट लिहिलं असेल आणि ट्रकची लाइन 28 ला जात असेल तर तो फुटणारच. 50 व्होल्टचा बसवा, कारण ट्रकच्या लाइनवर झटकेही येतात. बाहेर जाणाऱ्या बाजूला डायोड टाका, नाहीतर गाडी बंद झाली की बॅटरी उलटी मॉड्यूलमध्ये उतरते. डायोड थोडं व्होल्टेज खातो, म्हणून 14.4 चं सेटिंग डायोडच्या पुढे मीटर लावून करा. आणि ट्रकच्या बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

*टॉर्चचं 5 व्होल्टचं मॉड्यूल 12 वर.* सरळ नाही. ते छोटं निळं मॉड्यूल तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, त्यावर टीपी4056 नावाची आयसी असते. ती 5 व्होल्टसाठी आहे आणि 8 ही तिची शेवटची हद्द. शिवाय ती लिनियर आहे. 5 व्होल्टवर 3.7 च्या सेलला 1 अँपिअर देताना 1.3 वॅट तापते, तेवढ्यानेच बोट भाजतं. 12 व्होल्ट दिलं की आयसी जाते. नुसती आयसी गेली तर नशीब. ती आतून शॉर्ट झाली तर 12 व्होल्ट थेट लिथियम सेलवर जातात, आणि तो सेल लेड-ॲसिडसारखा फुगून गप्प बसत नाही, पेट घेतो. एका प्रशिक्षणार्थीने पिन बसली म्हणून असं केलं होतं. सुदैवाने धूर आल्याबरोबर काढलं. 12 वरूनच चालवायचं असेल तर आधी बक मॉड्यूलने 5 करा, मीटरने बघा, मगच पुढे जोडा.

*आणि अमेरिकेहून आलेला चार्जर.* लेबल वाचा. "100-240" लिहिलं असेल तर फक्त प्लग बदला, काम झालं. लॅपटॉप-मोबाइलचे बहुतेक असेच असतात. पण ड्रिल मशीनच्या चार्जरवर कित्येकदा नुसतं "120 व्होल्ट, 60 हर्ट्झ" असतं. त्याच्या आतला मोठा कपॅसिटर साधारण 200 व्होल्टचा असतो. आपली 230 ची लाईट डीसी झाली की 325 पर्यंत जाते. लावताक्षणी फट्! त्याला 230 चं 110 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर द्या, चार्जरच्या वॅटपेक्षा मोठा. तो चार्जर उघडून आत काही बदलू नका.

आपल्याच लाईटचं उलटं उदाहरण घ्या. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर 230 ला 15 व्होल्ट काढत असेल तर 180 ला पावणेबाराच काढतो. डीसी करून त्याचे साधारण 15 होतात. आतल्या रेग्युलेटरला 14.4 काढायला वर दोन-तीन व्होल्ट लागतात, ते मिळतच नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, "बॅटरी खराब दिली." बॅटरी चांगली असते, तिला संध्याकाळची लाईट पुरत नसते. अशा वस्तीवर "100-240" लेबलचा चार्जर विका. रडणारं गिऱ्हाईक हसत जाईल, आणि तुम्ही फक्त एक लेबल वाचलेलं असेल.

"पण शेजारचा लगेच करून देतो ना!"

हा आक्षेप मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. तुम्ही कागद-पेन घेऊन बसाल, तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. तो शंभर रुपयांत क्लिपा जोडून मोकळा.

खरं आहे. जाईल. माझीही गेली. मी हे नाकारत नाही, पहिल्या वर्षी तर फार त्रास होतो. भाडं भरायचं असतं, आणि समोरून शंभराची नोट चालत जाते.

पण थोडं थांबून विचार करा, तो शेजारी काय विकतोय? वायर आणि क्लिपा. त्या तर ऑनलाइन त्याच्याहून स्वस्त मिळतात. त्याच्याकडे टिकेल असं काहीच नाही. मॉड्यूल तर सगळ्यांकडे तेच आहे. तुम्ही जे विकताय ते म्हणजे "हे तुमच्या बॅटरीला, तुमच्या वस्तीच्या लाईटवर, तुमच्या ट्रकवर चालेल" हा शब्द. आणि तो शब्द हिशोबातून आलेला असेल तरच त्याला किंमत आहे.

दुसरं म्हणजे, आपलं गिऱ्हाईक मोकळ्या वेळेत येत नाही. शेतकरी फवारणीच्या आदल्या दिवशी येतो. ट्रकवाला भाडं उचलायच्या आधी येतो. भाजीवाली संध्याकाळी गाडीवरचा दिवा लावायच्या आधी येते. आपण चुकलो तर त्यांची नुसती बॅटरी जात नाही, दिवस जातो. आप्पांचे चार दिवस मी भरून देऊ शकलो नाही. बॅटरी बदलून देता येते, वेळेवर न झालेली फवारणी नाही.

आणखी एक कबुली देतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक व्हिडिओ केला होता, "कुठलाही चार्जर कुठल्याही व्होल्टेजवर". खूप चालला. त्यात करंट मर्यादेबद्दल एक शब्द नव्हता, फ्यूज नव्हता, डायोड नव्हता. तो मी काढून टाकला. व्ह्यूज गेले, जाऊ दे. ज्याला गिऱ्हाईकाच्या घरी जळकं काही नको असेल, त्याने दहा मिनिटांच्या जुगाडावर दुकान उभं करू नये.

पैसे कसे घ्यायचे

आता तुम्ही म्हणाल, एवढा हिशोब करायचा तर पैसे कोण देणार? देतात. मागावे लागतात.

1. तपासणीचे पैसे वेगळे. मी 50 रुपये घेतो. काम आमच्याकडेच केलं तर ते बिलातून वजा. ज्याला फक्त फुकट सल्ला घेऊन जायचंय तो आपोआप गळतो, आणि बाकीच्यांना कळतं की इथे काहीतरी बघितलं जातं.

2. किंमत सांगताना चारही गोष्टी धरा. सामान, तुमचा वेळ, डबा-वायर-फ्यूज, आणि दहातलं एक काम परत येईल असं धरून त्याचा वाटा. शेवटची गोष्ट नवीन माणूस कधीच धरत नाही. सामान 350 चं असेल तर मी 700 च्या खाली काम करत नाही. गिऱ्हाईक म्हणतं महाग आहे. मी म्हणतो, "दादा, सहा महिने बिघडलं तर आणून द्या, मी बघीन."

3. बिलावर आकडे लिहा. "येणारं 24 ते 28, जाणारं 14.4, करंट 1.7, फक्त 12 व्होल्ट 8 एएच लेड-ॲसिडसाठी." एक ओळ. उद्या त्याने तोच चार्जर लिथियम बॅटरीला लावला तर जबाबदारी कुणाची, हे त्या ओळीने ठरतं. आणि डब्यावरही तेच चिकटवा, कारण बिल हरवतं.

4. फोटो ठेवा. मीटरवर 14.4 दिसतोय असा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याला विश्वास येतो आणि तुमच्याकडे नोंद राहते.

5. दुकानातले ॲडॅप्टर वेगळे करा. आमच्याकडे 5 व्होल्टला हिरवी टेप, 9 ला पिवळी, 12 ला लाल, 24 ला काळी. पिन सारखी असली तरी चुकीचा ॲडॅप्टर उचलला जात नाही. खर्च चाळीस रुपये.

सुरू करायला काय लागतं? एक बरा मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री, दोन बक आणि दोन बूस्ट मॉड्यूल, एक-दोन कंट्रोलर, डायोड, फ्यूज, आणि प्रयोगासाठी एक जुनी 12 व्होल्टची बॅटरी. गिऱ्हाईकाच्या बॅटरीवर शिकू नका. आधी आपल्या बॅटरीवर दहा वेळा चार्ज-डिस्चार्ज करून बघा, मॉड्यूल किती तापतं ते दोन तास शेजारी बसून बघा.

"नाही" म्हणायची कामं

माझी यादी अशी आहे. तुमची तुम्ही करा, पण यादी असू द्या.

ई-बाइक आणि ई-रिक्षाच्या चार्जरमध्ये मी काहीही बदल करत नाही. बॅटरी मोठी, वीज जास्त, आणि रात्रभर चार्जिंग घरात, दाराशी चालतं. कंपनीचा चार्जर आणा म्हणतो.

भिंतीच्या लाईटवरचा चार्जर उघडून आतला भाग बदलायचं काम घेत नाही. आधी बाहेर योग्य डीसी तयार करायचं, मग मॉड्यूल, एवढंच.

लिथियम सेल फुगलेला, ठोका बसलेला किंवा भंगारातून जमवलेला असेल तर हात लावत नाही.

आणि ज्यांना दुरुस्तीच्या पुढे जाऊन आपल्या नावाचे चार्जर बनवून विकायचेत त्यांच्यासाठी एक सूचना. मोबाइल-लॅपटॉपचे ॲडॅप्टर, पॉवर बँक, लिथियम बॅटरी अशा वस्तूंना आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो, तो हाच. तुमची वस्तू त्यात येते का, हे छपाईच्या आधी विचारून घ्या, स्टिकर छापून झाल्यावर नाही. माल विकत घेतानाही तो नंबर बघा.

"नाही" म्हटल्याने गिऱ्हाईक तुटतं असं मला वाटायचं. आता अनुभव उलटा आहे. "हे मी करत नाही, कारण घरात आग लागू शकते" असं सरळ सांगितलं की तोच माणूस पुढच्या वेळी दुसरं काम घेऊन येतो. ज्या दुकानदाराला नाही म्हणता येतं, त्याच्या "हो" वर लोक विसंबतात.

आप्पांचं पुढे काय झालं

वर्षभराने आप्पा परत आले. सोबत पुतण्या होता, त्याच्याकडे तसंच पॅनल आणि तसाच पंप. आप्पा त्याला म्हणाले, "ह्यांच्याकडंच लाव. ह्यांनी माझी एक बॅटरी घालवलीय, आता चुकायचे नाहीत."

मी हसलो, आणि कागद घेऊन चार आकडे लिहायला बसलो. पुतण्याचं पॅनल 40 चं नव्हतं, 75 चं होतं. तसंच जोडलं असतं तर परत तीच गोष्ट झाली असती, कारण 75 वॅट म्हणजे चार अँपिअरच्या वर. त्याला करंट मर्यादा असलेलं बक मॉड्यूल बसवून दिलं. आजही चालू आहे.

या आठवड्याचं काम सांगतो. घरातले पाच ॲडॅप्टर गोळा करा. प्रत्येकाचं लेबल वाचून येणारं व्होल्टेज, जाणारं व्होल्टेज, अँपिअर आणि पिनचं प्लस-मायनस वहीत लिहा. मग मीटर लावून खरं किती येतं ते शेजारी लिहा. निदान एका तरी ॲडॅप्टरचं लेबल आणि मीटर जुळणार नाही, असा माझा अंदाज आहे. तिथून तुमच्या धंद्याची सुरुवात करा.

पुढच्या व्हिडिओत बक मॉड्यूलचे दोन स्क्रू कसे सेट करायचे ते दाखवणार आहे. मीटर जवळ घेऊन बसा. भेटू!